डाव्या टायरची झीज

ताईच्या व्हीलचेअरचा डावा टायर उजव्यापेक्षा लवकर झिजतो. फार नाही, व्हर्नियर लावून पाहिलं तर जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक. पण दर वेळी डावाच. आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांचे झिजलेले भाग येतात आणि ते कुठे घासले, कशामुळे घासले हे आम्ही शोधून सांगतो. त्यामुळे घरी गेले की माझी नजर आपोआप त्या टायरवर जाते. कारण शोधायला वेळ लागला नाही. डावं चाक हातानं धरून उजवं पुढे ढकललं की खुर्ची डावीकडे वळते आणि धरलेला टायर जागच्या जागी फरशीवर घासला जातो. म्हणजे ताई घरात सतत डावीकडे वळते.

तसंच होणार होतं, कारण घरच तसं केलेलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मणक्याच्या आजारात ताईचे पाय गेले, तेव्हा दादानं उंबरे काढले, फरशी एका पातळीत आणली, आणि तिला अरुंद जागेत मागे फिरावं लागू नये म्हणून तिची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत फोडून दार बसवलं. आपल्या खोलीतून स्वयंपाकघर, तिथून बाहेरची खोली, तिथून बोळातून पुन्हा आपली खोली, आणि प्रत्येक वळण डावीकडे. कुठे अडायला नको, कुणाला हाक मारायला नको. येणारा-जाणारा प्रत्येक जण दादाचं कौतुक करायचा आणि ते कौतुक खोटं नव्हतं. फक्त बाहेरच्या दारापुढच्या पायऱ्या तेवढ्या तशाच राहिल्या. तिथे दादा होता. "मी आहे ना," म्हणायचा आणि खुर्चीसकट तिला उचलायचा.

ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे घेतात, त्यांवरून प्लास्टरचे साचे होतात, आणि त्या साच्यांवर मेणात एकेक दात बसवून ताई अख्खी कवळी उभी करते. हे काम ती ज्यांच्याकडे शिकली त्या सरांची दुसऱ्या शहरात लॅब आहे. साचे खोक्यातून घरी यायचे, कवळ्या खोक्यातून परत जायच्या. दूर कुठे कुठे माणसं ताईच्या हातच्या दातांनी हसत होती आणि त्यांतल्या एकाचंही तोंड तिनं पाहिलेलं नव्हतं. अपवाद आईचा. "हे हिनं केलेत," असं आई कुणालाही ओळख झाल्या झाल्या सांगते आणि पुरावा म्हणून लांबरुंद हसते.

सरांचे हात आता थरथरतात. लॅब तू घे, असं त्यांनी ताईला सांगितलं होतं. तळमजल्यावर लॅब, मागे राहायला दोन खोल्या, मध्ये एकही पायरी नाही. मी ताईबरोबर जाऊन जागा पाहून आले होते. परतीच्या वाटेवर ती एवढंच म्हणाली, "खिडकीपाशी टेबल लावलं तर उजेड डाव्या खांद्यावरून येईल." मला वाटलं, झालं, ठरलं. पण घरी आई म्हणाली, "बघू." दादा म्हणाला, "घाई काय आहे?" ताई आपल्या साच्यांकडे वळली. आमच्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही; 'बघू' म्हणायचं आणि विषय उंच फळीवर ठेवून द्यायचा, जिथे ताईचा हात पोचत नाही. असं करता करता वर्ष उलटलं. शेवटी सरांनी कळवलं, या महिन्यात हो की नाही ते सांग, दुसरं माणूस विचारतंय.

त्याच महिन्यात दादानं क्रूझची तिकिटं काढली. निमित्त आईच्या सत्तरीचं.

"हवापालट झाला की डोकं शांत होतं," तो मला फोनवर म्हणाला.

"कुणाचं?"

"तिचंच गं. लॅबचं खूळ निघून जाईल डोक्यातून. समुद्र बघितला की माणूस सगळं विसरतो."

जहाजावर चढलो त्या दिवशी, आई आणि दादा आपल्या खोलीत सामान लावत असताना, ताईनं माझ्याकडे हात पुढे केला. "फूटपट्टी, तुझ्या बॅगेत पाना असेल." घरात मला फूटपट्टीच म्हणतात. पाना होता. खुर्चीच्या पाठीमागच्या दोन मुठी, ज्या धरून खुर्ची ढकलतात, त्या तिनं माझ्याकडून काढून घेतल्या. बोल्टसकट त्या मी मोज्यात गुंडाळल्या आणि बॅगेच्या तळाशी ठेवल्या.

थोड्या वेळानं जेवायला निघालो. दादा सवयीनं मागे आला, दोन्ही हात पुढे केले आणि मूठ वळली ती हवेवर. तसाच उभा राहिला, नसलेली हातगाडी धरल्यासारखा.

"अगं, मुठी कुठे गेल्या?"

"काढल्या," ताई म्हणाली.

"कशाला?"

"मला सूटकेस असल्यासारखं वाटायचं. चल, भूक लागलीय." आणि ती पुढे निघालीसुद्धा.

"पडल्याबिडल्या असतील," आई मला हळूच म्हणाली. "शोध हं. जहाजावर सगळं मिळतं परत."

पुढचे दिवस सकाळी आई आणि दादा नाश्त्याच्या टेबलाशी रमलेले असताना आम्ही दोघी जहाजाच्या मागच्या डेकवर जायचो. तिथे त्या वेळी ओल्या फळ्या आणि घड्या घातलेल्या आरामखुर्च्या यांच्याशिवाय कुणी नसायचं. ताई चाकांना मागे एक हिसका द्यायची आणि मग पुढे. खुर्चीची पुढची दोन छोटी चाकं उचलली जायची आणि ती मागच्या दोन मोठ्या चाकांवर तोलून राहायची. पहिल्या दिवशी क्षणभरच. मी मागे उभी, दोन्ही तळवे उघडे, खुर्चीपासून बोटभर लांब. हात लावायचा नाही, असा करार होता. दोनदा ती उलटी होता होता माझ्या तळव्यांवर आली. दोन्ही वेळा हसली.

"इथे नको, बंदरावर उतरल्यावर करू," मी म्हटलं. "इथे जमीनच हलतेय."

"म्हणून तर इथे. हलत्या जमिनीवर जमलं की हलत नाही त्या जमिनीची काय बिशाद."

प्रयोगाची मांडणी म्हणून मला त्यात खोट काढता आली नाही.

चौथं बंदर प्राचीन शहराचं होतं. किनाऱ्यापासून आत एका टेकडीवर दगडी रस्ते, पडक्या भिंती, वर एक चौक आणि त्याभोवती अर्धे उरलेले खांब, असं जहाजावरच्या पडद्यावर दाखवलं होतं. सहलींची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी ताईकडे बघून आवाज जरा गोड केला.

"वर जायला जिना आहे, दगडी, उंच पायऱ्यांचा. पण खुर्चीवाल्या पाहुण्यांसाठी खाली छान सावली आहे. थंड पेयं असतात, माहितीपट दाखवतात."

"उत्तम," दादा म्हणाला. "मी थांबतो हिच्याबरोबर."

"माहितीपट तर मी खोलीतही बघितला असता," ताई म्हणाली. पण बसमध्ये बसली.

बस जिन्याच्या पायथ्याशी थांबली. गाइडबाई उंच, उन्हानं रापलेल्या, हातात मिटलेली पिवळी छत्री; ती वर केली की सगळ्यांनी त्यांच्यामागे जायचं. आई ताईच्या शेजारी बाकावर बसायला लागली.

"मी थांबते गं. तू एकटीच बसणार म्हणजे..."

"आई, मी वर गेले तरी बसूनच असणार आहे," ताई म्हणाली. "तू जा. मी येतेच मागून."

"हो, ये हो," आई हसली. चेष्टा करतेय असंच तिला वाटलं. गुडघ्यावर हात टेकत ती घोळक्याबरोबर पायऱ्या चढायला लागली.

सावलीच्या छपराखाली काचेच्या पेटीत त्या शहराची प्रतिकृती होती, प्लास्टरची. दादा थंड पेय आणायला गेला. ताईनं प्रतिकृतीकडे बघितलं ते कामाला आलेला साचा बघावा तसं. आधी वरून, मग मान वाकडी करून कडेनं.

"काम सुबक आहे," ती म्हणाली. "फूटपट्टी, इकडे ये. जिना समोरून. पण एवढे खांब, एवढं धान्य, पाण्याचे रांजण, हे सगळं काय पायऱ्यांवरून नेलं असेल यांनी?"

"नाही."

"मग गाड्या कुठून गेल्या?"

टेकडीच्या मागच्या अंगाला एक बारीक रेघ होती, दोन वळणं घेत वरच्या चौकापर्यंत गेलेली. गाइडबाई घोळक्याच्या शेवटच्या माणसासाठी पायऱ्यांवर थांबल्या होत्या. मी पळत जाऊन विचारलं.

"तो गाडीरस्ता," त्या म्हणाल्या. "मागच्या दरवाज्यातून चौकात जातो. लांबचा आहे. बस तिकडे थांबत नाही, म्हणून नेत नाही कुणाला."

"बंद आहे?"

"बंद नाही. कुणी जात नाही, इतकंच." त्यांनी माझ्या खांद्यावरून खाली ताईकडे बघितलं. "दगड जुना आहे, खाचखळग्यांचा. मी स्वतः खुर्ची घेऊन कुणाला जाताना पाहिलेलं नाही. पण घसरडा नाही सध्या, कोरडा आहे."

मला हवी ती माहिती यात सगळी होती. लादलेली गाडी जनावरांनी ओढायची तर चढ फार तीव्र ठेवून चालत नाही. आणि दगड कोरडा असला की रबराची पकड चांगली बसते. मी खाली येऊन ताईला तेवढंच सांगितलं.

दादा तीन बाटल्या घेऊन आला तोवर ताई छपराबाहेर उन्हात पोचली होती.

"अगं, कुठे? आत बस, फिल्म सुरू होतेय!"

"तू बघ. मी वर चाललेय."

"वर? वर कशी? फूटपट्टी, हिला समजाव!"

"चढ सौम्य असणार आहे," मी म्हटलं.

"सौम्य म्हणे! तुम्हा दोघींना ऊन लागलंय." पण तो आलाच. बाटल्या काखेत मारून, लांब ढांगा टाकत.

सुरुवातीचा रस्ता दाबलेल्या मातीचा होता. मग फरसबंदी लागली आणि तिच्यावर चाकोऱ्या. मी गुडघ्यावर बसून आत बोटं घातली. चाकांनी दगड असा झिजवला होता की पन्हळीसारख्या दोन रेषा वर वर जात होत्या, हातभर नाही पण वीतभर तरी खोल, आतून गुळगुळीत. हयातभर मी झीज मोजत आले, पण अशी कधी हाताला लागली नव्हती. आमच्याकडे यंत्र काही आठवडे फिरवतात. इथे गावच्या गाव पिढ्यानपिढ्या फिरलं होतं.

"चाक आत गेलं तर अडकेल," दादा म्हणाला.

"आत कशाला जाईल?" ताई म्हणाली. तिची खुर्ची बैलगाडीच्या निम्म्यानंही रुंद नव्हती. दोन चाकोऱ्यांच्या मधला पट्टा, जिथून जनावरं चालली असतील, तो तिला पुरेसा होता. त्या पट्ट्यावरून ती चढायला लागली. ढकल, धर, ढकल, धर. तिच्या मानेच्या मागच्या शिरा दिसत होत्या. दादा मागे चालत होता आणि त्याचे हात राहून राहून पुढे यायचे, काही सापडायचं नाही, मागे जायचे.

पहिल्या वळणावर मात्र चाकोऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. उजवीकडचं छोटं चाक खाचेत गेलं, खुर्ची कलली, ताई खुर्चीच्या काठाला धरून राहिली. दादानं बाटल्या टाकल्या आणि तिच्या काखेत हात घातले.

"हात काढ."

"अगं पडशील!"

"दादा, हात काढ." आवाज चढला नव्हता. पण त्यानं काढले. "फूटपट्टी, बॅगेचा पट्टा आणलायस?"

सूटकेसभोवती बांधायचा लाल पट्टा माझ्या पिशवीत होता. तिनंच सकाळी घ्यायला लावला होता. बैठकीखालच्या नळीला तो दोन्ही बाजूंनी ओवून मी त्याची टोकं पुढे आणली.

"हे घे," ताई दादाला म्हणाली. "पुढे हो. ओढ म्हटलं की ओढायचं, थांब म्हटलं की थांबायचं. मधलं काही करायचं नाही."

दादा पट्ट्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी बैल?"

"शिंगं नाहीत, एवढाच फरक."

"आणि ही?" त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"ती मागे हात उघडे ठेवून चालेल. तिला सवय आहे."

त्याला त्या सवयीचा अर्थ कळला नाही. एका क्षणात कळला. ताईनं चाकांना हिसका दिला, पुढची छोटी चाकं खाचेतून सुटून हवेत आली आणि ती मागच्या दोन चाकांवर तोलून उभी राहिली, पाठीशी समुद्र, समोर तोंड उघडं पडलेला आमचा भाऊ.

"ओढ!"

त्यानं ओढलं. मोठी चाकं खाच ओलांडून गेली, छोटी चाकं सपाट दगडावर टेकली.

"थांब."

तो थांबला. "हे कुठे शिकलीस?"

"तू नाश्ता करत होतास तेव्हा."

मग तसेच चढत गेलो. दादाचा स्वभाव मागे बघायचा; चार पावलं टाकली की मान वळायची.

"मागे बघू नकोस, दगड बघ," ताई म्हणायची. "मागचं मी बघते."

इतकी वर्षं तो तिच्या पाठीशी होता आणि तो काय करतोय हे तिला दिसायचं नाही. आता तो पुढे होता, रुंद पाठ घामानं भिजलेली, आणि तिच्या शब्दाशिवाय पाऊल टाकत नव्हता. दोघांच्या मध्ये तो लाल पट्टा कधी ताणला जायचा, कधी सैल पडायचा. बऱ्याच ठिकाणी सैलच होता. ते मी पाहून ठेवलं. म्हणजे तिथे ती स्वतःच्या हातांनी चढत होती आणि तो नुसता चालत होता, आणि ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मोठ्या शोधाच्या जागी उभं असताना माणसाला काय वाटत असेल याची मला कल्पना नव्हती. आमच्या कामात शोध लहान असतात. पण त्या दिवशी मला वाटलं, बघा, कुणीतरी बघा हिला. बघायला कुणी नव्हतं. मी होते.

दुसऱ्या वळणावर एका पडक्या भिंतीच्या सावलीत थांबलो. दादा दगडावर टेकला, धापा टाकत.

"सरांचा फोन आला होता," तो एकदम म्हणाला. कदाचित दमला होता म्हणून निघून गेलं तोंडातून. "माझ्या फोनवर, निघायच्या आदल्या दिवशी. मी म्हटलं, सहलीहून आलो की कळवतो."

ताईनं हातमोजे काढले. तळव्यांवर लाल पट्टे उठले होते. "मला बोलला नाहीस."

"उगाच तुला ताण. तिथे कोण आहे तुझं? सर किती दिवस पुरणार? रात्री-अपरात्री पडलीस तर?"

"तर उठेन."

"एवढं सोपं आहे?"

"माहीत नाही रे. पडायला कधी मिळालंय मला?"

मघाशी टाकलेल्या बाटल्या मी उचलून आणल्या होत्या, त्यांतली एक दादानं उघडली, तिला दिली, आणि स्वतः न पिता झाकण हातात फिरवत बसला. तो वाईट माणूस नाही. मुंग्या येईपर्यंत हात पुढे धरून उभा राहणारा माणूस आहे.

"चला," ताई म्हणाली. "बैल बसला की उठवायला जड जातो."

मागच्या दरवाज्याच्या फक्त दोन बाजू उरल्या होत्या, वर आकाश. तिथे चढ शेवटचा जरा उभा झाला होता. ताईनं खुर्ची उलटी फिरवली आणि पाठमोरी, मोठी चाकं पुढे घालून, तो चढ चढली, आणि वर पोचल्यावर पुन्हा चौकाकडे तोंड केलं. पट्टा तिनं दादाच्या हातून सोडवून मांडीवर घेतला होता. तो मोकळ्या हातांनी बाजूला उभा राहिला आणि ते हात कुठे ठेवावेत हे न कळून त्यानं शेवटी कमरेवर ठेवले.

आत चौकात आमचा घोळका पलीकडच्या कठड्यापाशी उभा होता. आई कठड्यावरून वाकून खालच्या छपराकडे बघत होती.

"अहो, दिसत नाहीयेत," ती गाइडबाईंना सांगत होती. "तिघंही दिसत नाहीत! मी म्हटलं होतं, मी थांबते म्हणून—"

"आई, इकडे," ताईनं हाक मारली.

आई वळली. दरवाज्याच्या दोन दगडांमध्ये, सगळ्या अंगाला धूळ, केस कपाळाला चिकटलेले, अशी तिची थोरली मुलगी बसली होती. आईनं आधी तिच्या मागे बघितलं, कुणी ढकललं ते शोधायला. मागे कुणी नव्हतं; आम्ही दोघं बाजूला उभे होतो.

"आलीस?" आई म्हणाली. मग शेजारच्या अनोळखी बाईंच्या दंडाला धरून म्हणाली, "ही माझी मुलगी. मागच्या रस्त्यानं आली. स्वतः!" आवाज एवढा चढला की दोन-तीन जणांनी फोटो काढायचं थांबवून बघितलं.

गाइडबाई छत्री बगलेत धरून चालत आल्या. त्यांनी ताईशी हात मिळवला. तळव्यावरचे वळ हाताला लागले असावेत, कारण त्यांनी तो जरा जपून धरला. "आता मला लोकांना सांगता येईल, की जातं कुणीतरी," त्या म्हणाल्या.

ताई मात्र जमिनीकडे बघत होती. आम्ही आलो त्या दरवाज्यातल्या चाकोऱ्या खोल होत्या. चौकाला पलीकडे आणखी एक दरवाजा होता, तिथपर्यंत ती गेली, वाकली, बोटानं दगड चाचपला.

"इथल्या उथळ आहेत," ती म्हणाली. "म्हणजे भरलेल्या गाड्या तिकडून वर यायच्या आणि रिकाम्या इकडून खाली जायच्या. असंच ना?"

"संशोधकांचाही तोच कयास आहे," गाइडबाई म्हणाल्या. "तुम्ही याच क्षेत्रातल्या का?"

"छे, मी कवळ्या बनवते. माणूस एका बाजूनं चावतो की दोन्ही, ते दात बघून कळतं. जिथे भार जास्त, तिथे झीज जास्त."

"माझेही हिनंच केलेत," आई म्हणाली आणि दाखवण्यासाठी खरंच तोंडाकडे हात नेला.

"आई, राहू दे!" आम्ही तिघं एकदम म्हणालो.

गाइडबाई हसत घोळक्याकडे परतल्या. ताई त्या दोन दरवाज्यांच्या मध्ये थांबून राहिली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"दादा, बघ ना," ती म्हणाली. "कुणाला मागे फिरावं लागू नये म्हणून एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. कुठेही अडायला नको. तू आपल्या घराचं केलंस ना, तस्संच."

दादा खूश झाला. "म्हणजे माझं डोकं प्राचीन आहे."

"आहेच. फक्त यांनी फेरीत बाहेरचं दार घेतलं होतं."

दादानं पायानं एक खडा सरकवला. मग म्हणाला, "त्या पायऱ्यांचं मला कधी सुचलंच नाही. मी उचलतच होतो ना तुला."

"माहितीये मला," ताई म्हणाली आणि त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

एवढ्यात दादाच्या खिशातला फोन टिणटिणला, पुन्हा, पुन्हा. समुद्रात दिवसभर न आलेले निरोप टेकडीवर एकदम उतरत होते.

"फोन दे," ताई म्हणाली.

दादानं फोन काढला. देता देता त्याचा हात अडखळला, पण त्यानं दिला.

"कुणाला लावतेस?" आईनं विचारलं.

"सरांना."

"आत्ता? इथून? अगं, घरी गेल्यावर बघू—"

"नको, आई. बघून झालं."

आई माझ्याकडे वळली. नेहमीच अशा वेळी ती माझ्याकडे वळते. मी शिकलेली, मी मोजूनमापून बोलणारी, मी काहीतरी मधलं सांगेन म्हणून. मी ताईच्या डाव्या चाकाकडे बघत होते. त्या टायरला आज पांढरी दगडधूळ लागली होती, आणि उजव्यालाही तेवढीच.

"काय सांगणार आहेस त्यांना?" आईनं विचारलं. प्रश्न ताईलाच विचारला, आणि थांबली.

ताईनं फोन मांडीवर ठेवला. आधी आईकडे बघितलं, मग दादाकडे, आणि मेणात शेवटचा दात बसवताना धरते तेवढाच श्वास धरून सोडला.

"हो सांगणार आहे. लॅब मी घेतेय. आणि राहायलाही तिथेच जाणार आहे, एकटी."